कापूस पिकविणाऱ्यांनी कापडही ओळखावे

दीपावली हा दिव्यांचा उत्सव खरा. परंतु वातीवाचून पणतीला अर्थ नाही, आणि वात म्हणजे कापूस. देवाच्या गळ्यात घालावयाची वस्त्रमाळ कापसाची, भाऊबीजेच्या ताटातील निरांजनात तेवणारी फुलवात कापसाची, आणि नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानानंतर अंगावर चढणारे नवे वस्त्रही परंपरेने कापसाचेच. पूजेच्या सोळा उपचारांत वस्त्र हा एक स्वतंत्र उपचार मानला आहे. स्नान घातलेल्या देवाला वस्त्र अर्पण केल्यावाचून आपण गंध-फुलाकडे वळत नाही. अन्नाच्या बरोबरीने वस्त्राला आपल्या पूर्वजांनी किती मान दिला होता, याची साक्ष त्यात मिळते.

आमच्या खान्देशात तर या सणाचे आणि कापसाचे नाते अधिकच जवळचे आहे. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळ्या रानांत बोंडे फुटतात, वेचणीचा कापूस घराच्या ओट्यावर येऊन पडतो, तो दसरा-दिवाळीच्या सुमारासच. अहिराणी बोलीतील 'दिवाई' ही अशी कापसाच्या ढिगाशेजारी साजरी होणारी दिवाळी आहे. त्या ढिगाचा भाव काय फुटतो, यावर घरातल्या खरेदीची यादी लांबते किंवा आखूड होते. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या काळात 'चुकारे केव्हा मिळणार' हा प्रश्न गावोगाव ऐकू येई, आणि चुकारा लांबला की मुलांचे कपडेही लांबत. आज ती योजना राहिली नाही. खाजगी व्यापारी आला, जिनिंगवाला आला. तथापि कापसाचा भाव आणि घरातील नवे कपडे यांचा संबंध काही तुटलेला नाही.

असे असता, सणाच्या आठवड्यात जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर उभे राहिले की मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. ज्या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकविला, त्या प्रदेशातील मुलामुलींना हातातील कापड कशाचे आहे हे सांगता येते काय? सदऱ्याच्या गळ्यापाशी शिवलेली पट्टी वाचण्याची त्यांना सवय आहे काय? आणि त्या कपड्यासाठी वडिलांनी मोजलेले पैसे किती वेचण्यांतून आले, याचा हिशेब त्यांच्या मनात कधी उमटतो काय? या सणाच्या निमित्ताने आमच्या वाचकांपुढे हाच विषय मांडावा असे आम्हांस वाटते.

एका ताग्यातून सर्वांचे सदरे

जुन्या पिढीला आठवत असेल, दिवाळीपूर्वी घरातील कर्ता पुरुष बाजारात जाई आणि एकाच ताग्यातून कापड फाडून आणी. त्यातून तिन्ही भावांचे सदरे निघत, उरल्या तुकड्यात धाकटीचे परकर-पोलके बसे. गावचा शिंपी मापे घेई आणि 'वाढत्या अंगाचे ठेव' अशी आईची सूचना असे. मुलांना निवडीचा अधिकार नव्हता. परंतु आईवडिलांना निवडीचे ज्ञान होते. कापड चिमटीत धरून पोत पाहणे, दोन बोटांनी चुरून त्यातील खळ झाडणे, उजेडासमोर धरून विणीची दाटी जोखणे, पन्हा किती आणि वार किती याचा तोंडी हिशेब मांडणे, ही विद्या घरोघर होती.

आता चित्र पालटले आहे. कापड घेऊन शिवण्यापेक्षा तयार कपडा घेण्याची रीत सर्वत्र रुळली. निवड मुलांच्या हाती गेली, आणि आम्हांस त्यात गैर काही दिसत नाही. स्वतःच्या अंगावर काय घालावे हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलीने ठरवावे, हे योग्यच आहे. दुर्दैव एवढेच की अधिकार हस्तांतरित झाला आणि त्याच्याबरोबर ज्ञान हस्तांतरित झाले नाही. दुकानातील काचेआडचा पुतळा, चित्रपटातील नट आणि हातातील मोबाइल या तिघांनी मिळून जे शिकविले, तेवढ्या शिदोरीवर आमची मुले बाजारात उतरतात.

याचा परिणाम केवळ पैशाच्या नासाडीपुरता असता, तर आम्ही एवढी शाई खर्ची घातली नसती. खरे दुःख निराळे आहे. मुलगा ज्या नावाचा शर्ट मागतो तो घेण्याची ऐपत नसलेला बाप दुकानात सर्वांदेखत गप्प होतो. घरी येऊन आई स्वतःच्या साडीचा विचार मनातून काढून टाकते. आणि महागाचा तो शर्ट आखाजीपर्यंतही टिकत नाही. ज्या सणाने घरात आनंद आणावयाचा, तो सण असा मुक्या मनस्तापाचे कारण होतो. मुले निर्दय नसतात. त्यांना कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

गिरण्यांचा प्रदेश

खान्देशच्या या दोन जिल्ह्यांना कापडाचा इतिहास नवा नाही. जळगावात मूळजी जेठा यांच्या पुढाकाराने एकोणिसाव्या शतकातच कापड गिरणी उभी राहिली आणि 'खान्देश मिल' या नावाने ती कित्येक दशके शहराचे घड्याळ बनून राहिली. अमळनेरला प्रतापशेठजींची गिरणी होती. तिच्या उत्पन्नातून त्या गावाला शिक्षणसंस्था लाभल्या आणि १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिरासारखी संस्थाही लाभली. धुळ्यास आणि चाळीसगावासही गिरण्या होत्या. भोंगा झाला की कामगारांची रीघ लागे, आणि गिरणीतून सुटलेल्या माणसाच्या केसांवर कापसाचे तंतू दिसत. जळगावच्या त्या गिरणीचा भोंगा केव्हाच थांबला. तिच्या आवारात पुढे व्यापारी संकुल उभे राहिले. जेथे कापड विणले जाई तेथे आता तयार कपडे विकले जातात, एवढे सांगितले म्हणजे काळाचा फरक ध्यानी येतो. धुळ्यातील यंत्रमागांचा खडखडाट मात्र अजून ऐकू येतो.

या मातीला कापडाच्या विचाराचाही वारसा आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे सर्वश्रुत आहे. ते विनोबा सूतकताईला उपासना मानणारे होते. कातणाऱ्याच्या मजुरीत माणसाचे पोट भरते की नाही हे स्वतः कातून आणि त्या मजुरीवर राहून त्यांनी पडताळून पाहिले. १९३६ च्या डिसेंबरात यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साहित्यातून मंडपाची शोभा उभी केली होती, आणि खादी व ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झाले होते. पुढल्याच वर्षी वर्ध्याच्या परिषदेतून मूलोद्योगी शिक्षणाची कल्पना पुढे आली आणि शाळांतून मुलांच्या हाती टकळी आली.

त्या टकळीने देशाची वस्त्राची गरज भागली नाही हे खरे. परंतु एक लाभ निश्चित झाला. ज्या मुलाने पेळूतून धागा ओढला, तो तुटताना पाहिला आणि पुन्हा सांधला, त्याला पीळ म्हणजे काय, बारीक सूत आणि जाडे सूत यांत भेद कोणता, हे सांगावे लागत नव्हते. वस्त्रामागे हात असतात हे त्याला बोटांनीच कळले होते. आजच्या मुलाला ही ओळख करून देण्यास टकळीच पाहिजे असे नाही. पण ओळख मात्र पाहिजे.

चिमटीतली परीक्षा

म्हणून यंदा खरेदीस निघण्यापूर्वी घरातील मुलामुलींना कापडाचा एक छोटा पाठ द्यावा, असे आम्ही सुचवितो. त्यासाठी कोणत्याही वर्गाची आवश्यकता नाही. घरातील कपाट उघडले की शाळा भरली.

प्रथम धागा. कापडाच्या कडेचा एक सुटा धागा काढावा आणि वडील माणसाच्या देखरेखीखाली, चिमट्यात धरून, ताटलीवर जाळून पाहावा. शेजारी पाण्याचे भांडे असू द्यावे. कापसाचा धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मऊ करडी राख उरते. रेशीम वा लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. पॉलिएस्टरचा धागा जळण्याआधी वितळतो, आकसतो आणि त्याचा कठीण मणी होतो. एवढा प्रयोग एकदा केलेले मूल जन्मभर विसरणार नाही. फटाक्यांच्या दिवसांत आगीजवळ सुती कपडेच का घालावेत, हेही त्यास त्याच वेळी उमगेल. वितळलेले कापड कातडीला चिकटते.

दुसरी गोष्ट सुताच्या नंबराची. पेढीवर 'चाळीसचे', 'साठचे' असे शब्द कानी पडतात. एक पौंड वजनाच्या सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी निघतात, तो त्या सुताचा नंबर. अर्थात नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. बारीक सूत तलम असते. म्हणून ते रोजच्या शाळेच्या धसमुसळ्या वापरास योग्य ठरेलच असे नाही. सणाचा कुडता आणि सायकलवरून कॉलेजात जाण्याचा सदरा यांना एकच कापड मागणे ही चूक आहे.

तिसरी गोष्ट वीण. कापड उजेडासमोर धरावे. उभे-आडवे धागे सारखे दाट आहेत की मधूनमधून विरळ, ते लगेच दिसते. दोन्ही अंगठ्यांनी कापड हलकेच ताणावे. धागे सरकून फटी पडत असतील तर शिवणीवर ते लवकर उसवणार. कापड चुरडून पाहावे. बोटांना पांढरी भुकटी लागली तर भरदारपणा कापडाचा नसून खळीचा आहे, आणि पहिल्या धुण्यात तो वाहून जाणार.

चौथी गोष्ट रंग. ओला पांढरा रुमाल कापडाच्या आतल्या बाजूने घासावा. रुमालावर रंग उतरला तर तो कपडा घरातील इतर धुण्याबरोबर कधीही टाकता येणार नाही. पाचवी गोष्ट आटण्याची. सुती कापड पहिल्या धुण्यात थोडेफार आटते. म्हणून शिवावयाचे कापड आधी पाण्यातून काढून मगच शिंप्याकडे द्यावे, ही आजीबाईंची शिकवण आजही तितकीच खरी आहे. तयार कपडा घेताना तो उलटा करून पाहावा. शिवणीच्या आत जादा कापड सोडले आहे काय, टाके जवळजवळ आहेत काय, काजांचे धागे सुटलेले नाहीत ना, बटण हलत नाही ना, हे सर्व उलट्या बाजूलाच कळते.

शेवटची गोष्ट वाचनाची. कपड्याच्या आतील पट्टीवर कापड कशाचे आहे हे लिहिलेले असते. '६७ टक्के पॉलिएस्टर, ३३ टक्के कापूस' असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ, त्या कपड्यात एक तृतीयांशच कापूस आहे. हातमागाच्या कापडावर २००६ पासून 'हँडलूम मार्क' आणि रेशमावर त्याआधीपासून 'सिल्क मार्क' अशी चिन्हे मिळतात. पैठणी वा अन्य भारी वस्त्र घेणाऱ्यांनी ती पाहण्याचा आळस करू नये.

येथे एक खुलासा केला पाहिजे. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन या संशोधकांनी जो धागा शोधून काढला आणि पुढे टेरिलिन म्हणून जो घरोघर गेला, त्याला आम्ही शत्रू मानीत नाही. पावसाळ्यात तो लवकर वाळतो, त्याला इस्त्री फारशी लागत नाही, तो बरीच वर्षे टिकतो. शेतात राबणाऱ्या आणि धुण्यास सवड नसलेल्या माणसाला त्याचा उपयोग आहे. परंतु वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. त्या उन्हात घाम शोषणारे सुती वस्त्र आणि घाम अडविणारे वस्त्र यांतील अंतर प्रत्येक खान्देशी माणसाच्या पाठीला ठाऊक आहे. जे घ्यावे ते जाणून घ्यावे, एवढेच आमचे म्हणणे.

भाव आणि मोल

पोत ओळखता आला तरी भाव ओळखणे राहतेच. आजच्या बाजारातील मोठा चकवा सवलतीच्या पाट्यांचा आहे. '५० टक्के सूट, त्यावर आणखी २० टक्के' अशी पाटी वाचून आमची मुले ७० टक्के सूट मिळाली असे समजतात. हिशेब करून पाहू. २,००० रुपयांच्या कपड्यावर निम्मी सूट म्हणजे १,००० रुपये. उरलेल्या १,००० वर २० टक्के म्हणजे २०० रुपये. देणे झाले ८०० रुपये. सूट ६० टक्के, ७० नव्हे. 'दोन घ्या, एक मोफत' ही सवलत ज्याला तिन्ही वस्तू हव्या आहेत त्याच्यासाठीच सवलत. ज्याला एकच हवी आहे त्याच्यासाठी तो दुप्पट खर्च आहे. आणि मुळात ते २,००० रुपये कोणी ठरविले, हा प्रश्न तर पाटीवर कधीच लिहिलेला नसतो.

दुसरा हिशेब धुण्यांचा. समजा, ५०० रुपयांचा एक सदरा २० धुण्यांत विरला आणि ९०० रुपयांचा दुसरा ९० धुण्या टिकला. पहिल्याचा खर्च प्रत्येक धुण्यामागे २५ रुपये पडला, दुसऱ्याचा १० रुपये. येथे स्वस्त कोणते आणि महाग कोणते? मात्र याच न्यायाने, केवळ छातीवरील लहानशा चिन्हासाठी दुप्पट पैसे मोजले आणि कापड तेच असले, तर ते मोल कापडाचे नव्हे, चिन्हाचे. हेही मुलांनी ओळखावे. चिन्ह हवे असेल तर अवश्य घ्यावे, पण ते चिन्हासाठी घेतो आहोत हे स्वतःशी कबूल करून घ्यावे.

तिसरा आणि सर्वांत जपण्याचा हिशेब उधारीचा. पूर्वी दुकानदाराच्या वहीत नाव लिहिले जाई आणि त्याची लाज घरातल्या सर्वांना असे. आज 'आता घ्या, नंतर द्या' असे सांगणारी सोय तरुणांच्या हातातील मोबाइलमध्येच आली आहे. तेथे वही दिसत नाही, दुकानदाराचा चेहरा दिसत नाही, म्हणून लाजही वाटत नाही. हप्ता चुकला की दंड मात्र निश्चित दिसतो. कर्जाने काय होते हे कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या घराला कोणी वेगळे सांगावे असे नाही. शेतीचे कर्ज निसर्गापुढे हात टेकून काढावे लागते. सणाच्या कपड्यासाठी कर्ज काढण्याची पाळी कोणावरही येत नसते. ही एक मर्यादा तरुणांनी स्वतःच स्वतःला घालून घ्यावी.

घर हीच पाठशाळा

हे सर्व उपदेशाने साधणार नाही, हे आम्ही जाणतो. मुलांना व्यवहार शिकवावयाचा तर व्यवहार त्यांच्या हाती दिला पाहिजे. आमची सूचना साधी आहे. सणापूर्वी एका संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. यंदा कापसाचे, केळीचे अथवा पगाराचे किती पैसे आले, त्यातून किराणा किती, औषधपाणी किती, देणे किती, आणि कपड्यांसाठी किती उरतात, हे आईवडिलांनी मोकळेपणाने सांगावे. आपली मिळकत मुलांपासून लपविणे हा मोठेपणा नव्हे. ज्या मुलाला आकडा ठाऊक असतो, ते मूल दुकानात हट्ट करीत नाही.

मग मुलांनीच यादी करावी. यादीत पहिले नाव आजीचे असावे. नऊवारी सुती लुगडे आता सगळ्याच दुकानांत मिळत नाही, ते शोधून आणण्याची कामगिरी नातवाकडे द्यावी. दुसरे नाव आईचे, कारण ते नेहमी शेवटी येते आणि बहुधा गळते. ज्यांच्या घरी सालदार आहे त्यांनी त्याच्या मुलांची मापेही याच यादीत घ्यावीत. आणि यादी करताना मुलगा-मुलगी असा भेद करू नये. मुलीने कपडे निवडावेत आणि मुलाने हिशेब करावा, ही वाटणी जुनी झाली. दोघांनी दोन्ही शिकावे.

यानंतर ठरलेली रक्कम मुलांच्या हाती द्यावी आणि निदान तीन दुकाने पाहिल्यावाचून पैसे मोजावयाचे नाहीत एवढाच नियम घालावा. एक मोठे दुकान, एक पेठेतले जुने दुकान आणि एखादे खादी भांडार. गांधी जयंतीपासून खादीवर सूट देण्याची रीत आहे, तिचाही लाभ घ्यावा. पहिल्या वर्षी मुले चुकतील, चुकू द्यावीत. रंग गेलेला सदरा वर्षभर वापरावा लागला म्हणजे पुढल्या दिवाळीला ओला रुमाल खिशात आपोआप येतो. जी रक्कम वाचेल ती मुलांचीच, असे आधी सांगून ठेवले तर घासाघीस कशी करावी हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज पडणार नाही.

शाळांनीही यात भाग घ्यावा. कार्यानुभवाच्या तासाला एक दिवस कापडाचे तुकडे आणावेत, धागे सोडवावेत, पट्ट्या वाचाव्यात. आपल्या जिल्ह्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आहेत. बोंडातून सरकी कशी सुटते आणि गाठ कशी बांधली जाते, हे दाखविण्यासाठी सहल नेण्यास फार दूर जावे लागत नाही.

पावती हे ग्राहकाचे शस्त्र

कापड पारखून घेतले तरी फसगत होऊ शकते. अशा वेळी हात चोळीत बसण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात ग्राहकांची चळवळ जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीचा पाया घातला, आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदीचा प्रयोग यशस्वी केला. गल्लीतील दहा घरांनी मिळून घाऊक भावात कापड आणणे आजही अशक्य नाही. देशात १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला; त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो २०२० च्या जुलैपासून अमलात आला.

या कायद्यातील दोन गोष्टी प्रत्येक तरुणाने पाठ कराव्यात. पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि सदोष माल पावतीत लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. तेव्हा 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का पावतीवर असला तरी सदोष मालाच्या बाबतीत त्याला भिण्याचे कारण नाही. घरबसल्या मागविलेल्या कपड्यालाही हाच न्याय लागू आहे. तक्रार कोठे करावी हे उमजत नसेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन उपलब्ध आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक आयोग आहे.

परंतु अधिकाराबरोबर नीतीही शिकवावी. लेबल न काढता पाडव्याला कपडा मिरवावा आणि भाऊबीजेनंतर 'माप बसत नाही' म्हणून परत करावा, हा चलाखीचा प्रकार ग्राहकधर्मात बसत नाही. पेठेतला लहान दुकानदारही याच सणाची वर्षभर वाट पाहत असतो. त्याने माप नीट द्यावे आणि आपण दाम नीट द्यावे, यातच लक्ष्मीपूजनाचा अर्थ आहे.

चिंधीचे मोल

वस्त्राचे खरे मोल कशात, हे आपल्या कथांनी फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. श्रीकृष्णाच्या बोटाला जखम झाली तेव्हा सुभद्रा भारी वस्त्रांच्या राशीत चिंधी शोधीत राहिली, आणि द्रौपदीने अंगावरचे भरजरी वस्त्र फाडून पट्टी बांधली, ही लोककथा आमच्या आयाबहिणी आजही सांगतात. ती एक चिंधी पुढे भर सभेत न संपणारे वस्त्र होऊन परत आली. भाऊबीजेच्या दिवशी मुलींना ही कथा ठाऊक असतेच. यंदा ती मुलांनाही सांगावी.

आणि त्याच्या जोडीला श्यामच्या कोटाची गोष्ट सांगावी. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मुलांना शिकविणाऱ्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्यात दापोलीस शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवितो आणि धाकट्या भावासाठी नवा कोट शिवून गणेश चतुर्थीला घरी नेतो. त्या कोटाच्या कापडाचा भाव आज कोणाच्या लक्षात नाही. पण एका शाळकरी मुलाने पैसा कसा वाचवावा, कशासाठी खर्चावा आणि कोणासाठी खर्चावा, याचा याहून सुंदर धडा मराठीत सापडणे कठीण. शहाणी खरेदी म्हणजे कंजूषपणा नव्हे. जे खर्चावयाचे ते योग्य वस्तूवर आणि योग्य माणसावर खर्चणे होय.

कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघेल तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा नव्या कपड्यांतील तरुण उभे असतील. पुढे चैत्रात खान्देशातून पायी निघालेले भाविक वणीच्या गडावर सप्तशृंगी मातेला साडी-चोळी अर्पण करतील; मातेच्या त्या भव्य मूर्तीला अकरा वार साडी लागते, आणि ती घेताना गरिबातला गरीब भक्तही पोत पाहून, काठ पाहून, मनापासून निवडतो. देवीसाठी जी काळजी, तीच घरातल्या माणसांसाठी घ्यावी. आणि जी आईला नेसवावयाची ती साडीही तितक्याच भक्तीने पारखून घ्यावी.

आमच्या खान्देशातील तरुण-तरुणींना यंदाच्या दीपावलीत नवी वस्त्रे लाभोत, त्याबरोबर ती पारखण्याची दृष्टीही लाभो, आणि त्यांच्या घरच्या कापसाला चांगला भाव मिळो, हीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.